दिसले, पण पाहिले नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ, दवाखान्यात गर्दी. निफाडकडचे एक आजोबा रक्तदाबाच्या तपासणीसाठी आले होते. वय सत्तरीच्या पुढे, द्राक्षबाग मुलांच्या हाती सोपवलेली, स्वभाव मोजके बोलण्याचा. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि तो संगणकात भरू लागलो. त्याच वेळी एका प्रयोगशाळेचा रिपोर्ट मोबाइलवर आला. आजोबा काहीतरी सांगत होते. मी "हो, हो, बरोबर" म्हणत होतो. गोळ्या त्याच ठेवून मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या रुग्णाला बोलावले.

आजी दाराशी थांबल्या होत्या. चपला घालता घालता त्या मागे वळल्या. "डॉक्टरसाहेब, परवा यांचा हात अर्धा तास चालत नव्हता, तोंडातून शब्दही फुटेना. ते सांगितले ना यांनी तुम्हाला?"

आजोबा म्हणाले, "आत्ताच तर सांगितले. साहेब हो म्हणाले."

वाचकहो, मला घाम फुटला. आजोबांनी जे सांगितले होते ते अत्यंत महत्त्वाचे होते. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ खंडित होऊन पुन्हा सुरू होणे म्हणजे पक्षाघाताची आगाऊ सूचना. हात पुन्हा चालू लागला, बोलता येऊ लागले, म्हणून रुग्ण आणि घरचे निर्धास्त होतात. पण अशा झटक्यानंतर खऱ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. मी आजोबांना परत बसवले आणि त्याच संध्याकाळी रुग्णालयात पाठवले. मानेच्या एका रक्तवाहिनीत अरुंदपणा सापडला आणि उपचार वेळेवर सुरू झाले. आज ते बरे आहेत.

त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. माझे कान चांगले आहेत. आजोबा माझ्यापासून दोन हातांवर बसले होते आणि त्यांचा आवाज माझ्या कानांवर पडला होता, हे नक्की. मग मला ते ऐकू का आले नाही?

काका, एवढी परीक्षा द्या

या प्रश्नाचे उत्तर मला एका विद्यार्थिनीकडून मिळाले. माझ्या मित्राची मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करते. मोबाइल, काम आणि चारचौघांतले वागणे यांचा आपल्या लक्षावर काय परिणाम होतो, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. त्याच आठवड्यात ती कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आली. "काका, दहा मिनिटे द्या. परीक्षा अगदी सोपी आहे."

पहिल्या कागदावर रंगीत चौकोन होते. त्यांचे रंग ओळीने सांगायचे. मी भराभर सांगितले. दुसऱ्या कागदावर शब्द होते, पण 'लाल' हा शब्द हिरव्या शाईने, 'निळा' हा तांबड्या शाईने, 'हिरवा' हा पिवळ्या शाईने लिहिलेला. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग तेवढा सांगायचा. दुसऱ्याच ओळीत माझी जीभ अडखळली. हिरवा म्हणायचे असताना तोंडातून लाल निघून गेले. माझी सौभाग्यवती आणि ती मुलगी पोट धरून हसत होत्या.

ही परीक्षा जगप्रसिद्ध आहे आणि तीही मुळात एका विद्यार्थ्याची. जॉन रिडले स्ट्रूप या अमेरिकन तरुणाने डॉक्टरेटसाठी केलेले हे संशोधन १९३५ साली प्रसिद्ध झाले. महाविद्यालयातल्या शंभर मुलामुलींवर त्याने तो प्रयोग केला. शंभर चौकोनांचे रंग सांगायला त्यांना सरासरी ६३ सेकंद लागले. तेच रंग चुकीच्या शब्दांच्या रूपात समोर आले तेव्हा ११० सेकंद लागले. कारण असे, की वाचनाची सवय इतकी पक्की झालेली असते की शब्द दिसला की तो आपोआप वाचला जातो. मेंदूला तो बाजूला सारावा लागतो आणि त्यात वेळ व शक्ती खर्ची पडते.

घरी चार रंगांची स्केचपेने असतील तर हा प्रयोग जरूर करून पाहा. वीस शब्द पुरेत. ज्या लहान मुलाला अजून वाचता येत नाही त्याला तो कागद द्या. ते तुमच्यापेक्षा सहज रंग सांगेल!

वेदन आणि संवेदन

मग त्या मुलीने मला तिच्या अभ्यासक्रमातले दोन शब्द समजावले. वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही हे शिकलो होतो, पण इतक्या सोप्या भाषेत नाही. डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा पडली, कानाच्या पडद्यावर ध्वनी आदळला, त्याची वर्दी मेंदूकडे गेली, हे 'वेदन'. त्या वर्दीचा अर्थ लागला, 'हा माझा मित्र आहे', 'ही धोक्याची सूचना आहे' असे कळले, म्हणजे 'संवेदन'. आणि या दोहोंच्या मध्ये उभा असतो तो द्वारपाल म्हणजे 'अवधान', आपल्या रोजच्या भाषेत लक्ष.

या द्वारपालाची ताकद मर्यादित असते. एका वेळी तो थोड्याच पाहुण्यांना आत सोडतो. बाकीचे दाराशी येऊन परत जातात आणि ते आले होते हे घरधन्याला कळतही नाही. त्या संध्याकाळी आजोबांचे शब्द माझ्या दारावरून असेच परत गेले होते.

मेंदू आपल्याला फसवतो कसा, हे पाहायचे असेल तर एका कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे चार बोटांच्या अंतरावर, म्हणजे सुमारे आठ सेंटिमीटरवर, एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहत कागद हात लांब करून धरा आणि हळूहळू जवळ आणा. साधारण वीतभर किंवा थोड्या जास्त अंतरावर ठिपका नाहीसा होतो. डोळ्यातून नस बाहेर पडते तेथे दृष्टी नसतेच. त्याला अंधबिंदू म्हणतात. फ्रान्सच्या एदम मारिओत याने सतराव्या शतकात तो दाखवून दिला. ठिपका गेला त्या जागी काळे भोक मात्र दिसत नाही. कोरा कागदच दिसतो, कारण मेंदू रिकामी जागा स्वतःच भरून टाकतो. लक्षाचेही असेच आहे. जे सुटले त्याची रिकामी जागा जाणवत नाही, म्हणून 'माझे सगळीकडे लक्ष असते' असे प्रत्येकाला मनापासून वाटते.

एकचाकी सायकलवरचा विदूषक

आता मोबाइलकडे वळू. अमेरिकेतल्या वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात आयरा हायमन हे प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी यांनी एक गमतीदार प्रयोग केला. एका विद्यार्थ्याला एकचाकी सायकल चालवता येत होती. त्याला रंगीबेरंगी कपडे आणि लाल नाक लावून विदूषक केले आणि विद्यापीठाच्या चौकात फिरत ठेवले. चौक ओलांडून येणाऱ्यांना पलीकडे गाठून विचारले, "एकचाकी सायकलवरचा विदूषक पाहिलात का?"

एकट्याने चालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी, म्हणजे ५१ टक्क्यांनी, हो म्हटले. दोघे मिळून गप्पा मारत चालणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांनी तो पाहिला होता. कानाला संगीत लावलेल्यांपैकी ६१ टक्क्यांनी. मोबाइलवर बोलत जाणाऱ्यांपैकी फक्त २५ टक्क्यांनी! म्हणजे चारांतल्या तिघांच्या डोळ्यांसमोरून विदूषक गेला आणि त्यांना तो दिसलाच नाही. हे संशोधन २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. तेव्हा लोक मोबाइलवर फक्त बोलत होते. आता त्यावर चित्रे, बातम्या, निरोप सारे एकाच वेळी धावत असते.

यात एक बारकावा आहे. सोबतच्या माणसाशी बोलणारे निम्म्याहून जास्त वेळा विदूषक पाहतात आणि फोनवर बोलणारे पाहत नाहीत. दोन्हीकडे बोलणेच, मग फरक का? सोबतीलाही रस्ता दिसतो. खड्डा आला की तो गप्प होतो, विचित्र काही दिसले की हात धरून दाखवतो. फोनच्या पलीकडच्या माणसाला तुमच्यासमोरचा ट्रक दिसत नाही, तो बोलतच राहतो.

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. हेल्मेटच्या आत यंत्र अडकवले किंवा कानात बोंडे घातली की झाले, हात मोकळे आहेत, असे अनेक तरुण मला सांगतात. २००१ साली यूटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी बनावट मोटार चालवायला देऊन तपासले. फोन हातात धरा वा न धरा, बोलताना लाल सिग्नल हुकण्याचे प्रमाण वाढलेच. अडचण हाताची नाही, मनाची आहे. द्वारका चौकात सकाळी नऊ वाजता दुचाकीवरून जाताना कानात साहेबांचा आवाज असेल, तर डोळे उघडे असूनही डावीकडून वळणारी बस दिसेलच असे नाही.

कामाच्या जागी

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून काम करणारे कितीतरी रुग्ण माझ्याकडे येतात. बोटाला मशीन लागले, हातावर तुकडा उडाला, अशा जखमा घेऊन. "कसे झाले?" विचारले की उत्तर ठरलेले, "जरा लक्ष गेले, डॉक्टर." त्यात कामचुकारपणा असतो असे मात्र नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या पडद्याकडे तासन्‌तास टक लावून बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा सुटू लागल्या. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केंब्रिजला एक घड्याळ बनवले. त्याचा काटा टिकटिक करत पुढे सरके आणि क्वचित कधी एकदम दोन घरे उडी मारी. ती उडी दिसली की बटण दाबायचे, दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढू लागल्या. त्याचे हे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. एकसुरी निरीक्षणाच्या कामात माणसाचे लक्ष अर्ध्या तासाने घसरते, मग तो कितीही प्रामाणिक असो.

नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे येतात. छापलेल्या कागदांतले दोष नजरेने टिपण्यात त्यांची बरीच वर्षे गेली. हे सारे मी त्यांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "हे आम्हाला चहाच्या सुटीने शिकवले. सुटीनंतर दोष पटापट दिसायचे." शास्त्रज्ञाचे घड्याळ आणि कामगाराचा चहा एकच गोष्ट सांगतात.

आम्हा डॉक्टर मंडळींनीही हसून चालणार नाही. १९९९ साली ख्रिस्तोफर शाब्री आणि डॅनियल सायमन्स यांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. शाब्री तेव्हा हार्वर्डमध्ये शिकत होते. चित्रफितीत काही मुले चेंडू झेलतात आणि पाहणाऱ्याने किती वेळा झेलला ते मोजायचे. मध्येच गोरिलाच्या वेषातले माणूस येऊन छाती बडवून जाते. सुमारे निम्म्या लोकांना ते दिसत नाही! पुढे २०१३ साली ट्रॅफ्टन ड्र्यू आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग क्ष-किरणतज्ज्ञांवर केला. छातीच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगून चित्रात छोटासा गोरिला घालून ठेवला, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठा. २४ तज्ज्ञांपैकी २० जणांना तो दिसला नाही. त्यांतल्या बहुतेकांची नजर त्या जागेवर पडली होती, हे यंत्राने टिपले होते. ते गाठी शोधत होते, गोरिला नव्हे. आपण जे शोधतो तेच आपल्याला दिसते.

मी रक्तदाबाचा आकडा शोधत होतो. पक्षाघाताची सूचना मी शोधत नव्हतो.

चार माणसांत

तिसरा भाग घरचा. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची एक तक्रार वाढली आहे. "सून वाईट नाही हो, मुलगाही चांगला आहे, पण जेवताना कोणी वर बघत नाही." अशा वेळी आपण त्यांना हळवे ठरवून मोकळे होतो. यावरही एका विद्यार्थ्याने काम केले आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रायन ड्वायर या संशोधक विद्यार्थ्याने तीनशेहून अधिक लोकांना मित्रमंडळी व कुटुंबीयांसह उपाहारगृहात जेवायला बोलावले. काहींना फोन टेबलावर ठेवायला सांगितले, काहींना दूर ठेवायला. फोन ज्यांच्यासमोर होता त्यांचे चित्त जास्त विचलित झाले आणि जेवणाचा आनंद कमी झाला. फरक फार मोठा नव्हता, पण तो होता. २०१८ साली हे प्रसिद्ध झाले. 'मोबाइलमुळे नाती तुटतात' असा डंका पिटण्याइतके हे नाही. पण रोजच्या दोन जेवणांत थोडे थोडे उणे पडत गेले तर वर्षाअखेर किती उणे होईल, याचा हिशेब आपणच करावा.

माझाही एक हिशेब या निमित्ताने चुकता झाला. त्या मुलीचे वडील, माझा पंचवीस वर्षांचा मित्र, सहा महिन्यांपासून माझ्याशी तुटक वागत होता. कारण मला ठाऊक नव्हते. तिने जाता जाता सांगितले, "काका, गोल्फ क्लबच्या मैदानावर बाबांनी तुम्हाला दोनदा हाक मारली. तुम्ही फोनवर होतात, त्यांच्याकडे पाहिलेत आणि पुढे गेलात. बाबांना वाटले, डॉक्टर आता मोठे झाले."

मी त्याच्याकडे पाहिले होते म्हणे! मला तो दिसला नव्हता, हे मी आता शपथेवर सांगू शकतो आणि तेही शास्त्राच्या आधाराने. पण त्याने काय समजायचे? लक्ष नसणे आणि अपमान करणे यांत आत कितीही फरक असला, तरी समोरच्याला दोन्ही सारखेच दिसतात. मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो, विदूषकाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे मी विदूषक काय?" आणि चहा आला.

नाशिकची मुले

या साऱ्यावरून यंत्रांना शिव्या द्याव्यात असे मला वाटत नाही. तोच मोबाइल पाहण्याच्या कामी लावणारी मुले आपल्याच गावची आहेत. नाशिकमध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर पुढे अमेरिकेत एमआयटी या संस्थेत प्राध्यापक झाले. २०१० साली त्यांनी, व्हिटोर पाम्प्लोना हा ब्राझीलचा विद्यार्थी आणि इतर सहकारी यांच्यासह 'नेत्र' नावाचे उपकरण जगासमोर ठेवले. मोबाइलच्या पडद्यावर एक छोटेसे, स्वस्तातले भिंगाचे जोडसाधन बसवायचे, त्याला डोळा लावायचा आणि आत दिसणाऱ्या रेषा बटणाने एकमेकींवर आणायच्या. त्या किती सरकवाव्या लागल्या यावरून चष्म्याचा नंबर निघतो. रासकरांना २०१६ साली त्यांच्या संशोधनासाठी पाच लाख डॉलरचे लेमेलसन-एमआयटी पारितोषिक मिळाले.

दुसरे उदाहरण सिंहस्थाचे. २७ ऑगस्ट २००३ रोजी पर्वणीच्या गर्दीत रामकुंडाजवळ चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली. ती आठवण नाशिककरांच्या मनात अजून ताजी आहे. गर्दीतल्या माणसाला समोरची पाठ तेवढी दिसते. पुढे रस्ता अडला आहे हे मागच्याला कळत नाही आणि तो ढकलत राहतो. हाही संवेदनाचाच प्रश्न, फक्त हजारो माणसांचा मिळून एक. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी एमआयटीची मंडळी आणि इथले विद्यार्थी मिळून नाशिकच्या अडचणींवर काम करू लागले. त्यातून निलय कुलकर्णी हा शाळकरी मुलगा आणि त्याचे सहकारी यांनी पावले मोजणारी चटई तयार केली. ती रस्त्यावर अंथरायची. पाय पडला की दाब नोंदला जातो आणि किती माणसे पुढे गेली ते पोलिसांना तत्काळ कळते. कुंभात १८ तासांत सुमारे पाच लाख माणसांची नोंद तिने केली. २०१५ ची पर्वणी चेंगराचेंगरीविना पार पडली. त्याचे श्रेय अनेकांचे, पण जे माणसाच्या डोळ्याला दिसत नाही ते दाखवण्यासाठी मुलांनी यंत्र वापरले, हे विसरू नये.

काय करावे?

'एक ना धड भाराभर चिंध्या' ही आपली म्हण मेंदूलाही लागू आहे. दोन कामे एकदम करतो असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात मेंदू या कामावरून त्या कामावर उड्या मारत असतो आणि प्रत्येक उडीत काहीतरी सांडते. म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात.

• रस्ता ओलांडताना आणि वाहन चालवताना फोन नको; हातात नको आणि कानातही नको. फारच निकड असेल तर गाडी बाजूला उभी करा.

• टक लावून करायच्या कामात, मग ते यंत्रावरचे असो, हिशेबाचे असो वा शिवणाचे, दर अर्ध्या तासाने दोन-चार मिनिटे थांबा. कारखान्यात शक्य असेल तर कामाची अदलाबदल करा.

• पडद्यासमोर बसल्यावर पापण्या मिटण्याचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, म्हणून डोळे कोरडे पडतात व चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांबवर, वीस फुटांवर पाहा आणि पापण्या जाणीवपूर्वक मिटा.

• जेवणाच्या वेळी सर्वांचे फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हा नियम मुलांना लावण्यापूर्वी आई-वडिलांनी स्वतःला लावावा.

• कोणी ओळख दिली नाही, तर लगेच गैरसमज करून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी विचारा.

• डॉक्टरांकडे जाताना मुख्य तक्रार पहिल्या वाक्यात सांगा. ते लिहीत असतील तर थांबा, त्यांनी वर पाहिल्यावर सांगा. शक्यतो घरचे एक माणूस बरोबर न्या. १९८४ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला अडवतात. तेव्हा संकोच करू नका, पुन्हा सांगा.

आणि एक महत्त्वाचा इशारा. 'दिसत नाही', 'लक्षात येत नाही' हे प्रत्येक वेळी लक्ष नसल्यामुळेच होते असे नाही. बाजूच्या वस्तूंना धक्का लागतो, जिना उतरताना पायरी चुकते, तर काचबिंदूची तपासणी करावी. या रोगात कडेची दृष्टी इतकी हळूहळू जाते की मेंदू ती उणीव झाकत राहतो. चाळिशीनंतर डोळ्यांच्या आतला दाब तपासून घेणे उत्तम. वयस्कर माणूस हाकेला ओ देत नसेल तर आधी कान तपासा. पण तोंड एका बाजूला वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे, बोबडे बोलणे किंवा एकाएकी दिसेनासे होणे, यांपैकी काहीही झाले, मग ते पाच मिनिटांत बरे का होईना, तर १०८ क्रमांकाला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका.

त्या विद्यार्थिनीचे निष्कर्ष काय आले, असे वाचक विचारतील. ते तिच्या वहीत आहेत आणि परीक्षकांच्या आधी ते मी सांगणे योग्य नाही. मला मात्र तिच्या दहा मिनिटांनी एक नवा नियम दिला. रुग्ण समोर बसला की पहिली दोन मिनिटे संगणक बंद, मोबाइल खणात आणि हात टेबलावर. गर्दीच्या दिवशी हे जड जाते, पण त्यामुळे दवाखाना उशिरा बंद झाला असे अजून घडलेले नाही.

निफाडचे आजोबा दर महिन्याला येतात. आजी आता दाराशी थांबत नाहीत, शेजारच्या खुर्चीवर बसतात आणि आजोबांचे बोलून झाले की विचारतात, "साहेब, ऐकले ना?" मग मी ऐकलेले सगळे त्यांना परत सांगून दाखवतो.